कानसेनाचा हात

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला लोक फार तर फ्रिजवाला म्हणतात. याला मात्र सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. बायको तर म्हणायची, हा अंघोळ करताना गुणगुणायला लागला की शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या दारात जाऊन बसतं. पण फ्रिजच्या मागे गुडघे टेकून, स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर आणि मूठ कानामागच्या हाडावर ठेवून तो बसला, की आतलं दुखणं त्याला बरोबर ऐकू यायचं. गॅस कमी झालाय, तेल घट्ट झालंय, कॉम्प्रेसरला चालू करून देणारा रिले जळलाय, सगळं. आधी निदान, मग हत्यारांची पिशवी उघडायची, अशी त्याची पद्धत होती, आणि निदान चुकलंय असं चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

फोनवरसुद्धा जमायचं त्याला. "फोन जरा फ्रिजच्या पाठीमागे धरा," म्हणायचा, आणि डोळे मिटून ऐकायचा. "घूंऽऽ होतं आणि मग टक् होतं ना? रिले गेलाय. बटण बंद करा, मी येतो." एकदा म्हणे एका बाईने घाईघाईत फोन भलतीकडेच धरला, तर हा म्हणाला, "फ्रिज ठणठणीत आहे ताई, शेजारी जे कुणी झोपलंय त्यांना जरा कुशीवर वळवा." खरं-खोटं तो फ्रिजच जाणे. पण ही गोष्ट कुणी सांगायला लागलं की कानसेन नाही म्हणायचा नाही, नुसता मिशीत हसायचा.

त्याचे नियम दोनच होते, आणि ते मोडणाऱ्याला तो चारचौघांत झापायचा. पहिला, लाईट गेली आणि आली, की दहा मिनिटं फ्रिज लावायचा नाही. धापा टाकणाऱ्या माणसाला कुणी लगेच पळायला लावतं का? दुसरा, फ्रिज पुन्हा सुरू झाला की चोवीस तास वरचं फ्रीझरचं दार उघडायचं नाही. थंड होतंय का ते बघायला दर अर्ध्या तासाने दार उघडणारी माणसं त्याच्या डोक्यात जायची. "शिजतंय का बघायला सारखं झाकण काढलं तर शिजणार कधी?" म्हणायचा.

आणि तिसरी गोष्ट, नियम नव्हे, निव्वळ अढी. टाँग टेस्टर नावाचा एक चिमटा मिळतो. तो वायरीभोवती नुसता धरला की मशीन किती करंट खातंय ते आकड्यात दिसतं. नव्या पोरांच्या पिशवीत तो असायचाच. कानसेन नाक मुरडायचा. "ज्याला कान नाहीत त्याने घ्यावा चिमटा."

त्याला एकच मुलगी. शाळेला सुट्टी असली की ती त्याच्याबरोबर लोकांच्या स्वयंपाकघरांतून हिंडायची. आठ वर्षांची असताना त्याने तिला स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून दोन आवाज वेगळे करायला शिकवलं होतं. "हा बारीक सुरसुर करतोय तो फ्रीझरमधला पंखा. आणि हा खालून जड आवाज येतोय तो कॉम्प्रेसर. पंखा नुसता वारा फिरवतो, थंडी करतो तो कॉम्प्रेसर. पंखा फिरतोय म्हणून फ्रिज चालू आहे असं कधी समजायचं नाही. कळलं?" मुलीला कळलं होतं. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, लग्न करून चार गल्ल्या पलीकडे राहायला गेली, पण कुणाकडेही गेली की बोलता बोलता फ्रिजकडे कान द्यायची सवय तिची गेली नाही.

साठी उलटली आणि कानसेनाचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी दारावरची घंटा गेली, मग पाखरं गेली, मग बायकांचे आवाज. त्याला आधी वाटलं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. जगाला बोलायची अक्कल राहिली नाही यावर त्याने बायकोला अर्धा तास व्याख्यान दिलं, आणि बायको मध्ये तीनदा काहीतरी बोलली ते त्याला कळलंच नाही. मग एके दिवशी एका घरी तो स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बसला. आत नुसती एक शिट्टी वाजत होती. ती फ्रिजची नव्हती, त्याच्या डोक्यातली होती.

त्या दिवशी त्याने हळूच तळहात फ्रिजच्या पाठीला लावला. थरथर जाणवली. मग पाइपांना हात लावून बघितला, कुठे कोमट, कुठे गरम. जमलं. तेव्हापासून स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचा तो लोकांना दाखवायला, खरं निदान हाताचं. फोन आले की बायको घ्यायची आणि म्हणायची, "ते कामात आहेत, येऊन बघतील." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघांनीही एकमेकांना न बोलता ठरवून टाकलं होतं. चाळीस वर्षं ज्याला लोकांनी कानसेन म्हटलं, त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं?

मुलीने मात्र पकडलं. तो भांड्यांच्या फळीकडे तोंड करून उभा होता, तिने मागून तीनदा "बाबा" म्हटलं, आणि तो वळलाच नाही.  त्याच्या वाढदिवसाला ती निळ्या फुलाफुलांच्या कागदात गुंडाळलेला एक खोका घेऊन आली. कागदाचा एक कोपरा फाडून त्याने आत डोकावलं. टाँग टेस्टर. तो कोपरा त्याने पुन्हा चिकटवला आणि खोका पिशवीच्या तळाशी ढकलून दिला. दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही. मुलगी लाडकी असली म्हणून काय झालं, इथे वर्मावरच बोट ठेवलं होतं तिने.

त्यानंतर वर्षभरात ती गेली.

पोटुशी असताना सातव्या महिन्यात तिच्या छातीत गाठ सापडली होती. बाळंतपण आधी होऊ दे, औषधं नंतर, असं डॉक्टरांनी ठरवलं. मुलगी झाली. औषधं सुरू व्हायला तीन आठवडे होते, आणि एकदा ती सुरू झाली की बाळाला अंगावरचं पाजायचं नाही, हे तिला सांगून ठेवलेलं होतं. त्या तीन आठवड्यांत तिने दुसरं काही केलं नाही. बाळाला पाजायची, आणि उरलेलं यंत्राने काढून दवाखान्यातून आणलेल्या छोट्या बाटल्यांत भरायची. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तिच्या तिरक्या अक्षरात तारीख आणि वेळ. घरातल्या फ्रिजचा वरचा कप्पा तिने बाटल्यांनी गच्च भरला. सहा महिन्यांच्या आत संपवा, असं डॉक्टर म्हणाले होते. बाळ तीन महिन्यांचं असताना ती दवाखान्यातच गेली.

शेवटच्या दुपारी कानसेन तिच्या उशाशी बसला होता. जावई पायाशी होता. ती डोळे उघडून बापाकडे बघून काहीतरी बोलली, बरंच बोलली, दोन-तीन वाक्यं तरी असतील. तिचा आवाज तेव्हा कुणालाही मुश्किलीने ऐकू आला असता. ओठ हललेले कानसेनाला दिसले. पुन्हा बोल, असं त्याला म्हणता आलं असतं. पण तो मान हलवून म्हणाला, "हो बाळा, हो." तिने डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर एक समाधान आलं. ते समाधान आठवलं की कानसेन भरल्या ताटावरून उठायचा. आपण कशाला हो म्हणालो, तेच त्याला माहीत नव्हतं. जावयाला विचारावं, तर ऐकू आलं नाही हे सांगावं लागलं असतं. आणि पोरीचं शेवटचं बोलणं ऐकू आलं नाही, हे कुठल्या बापाने कुणाला सांगायचं?

जावयाने एक गोष्ट ठरवून टाकली होती. दिवसभर बाळाला डब्यातल्या पावडरचं दूध, पण संध्याकाळी एक बाटली आईची. ती तो स्वतः गरम पाण्यात धरून कोमट करायचा, स्वतः पाजायचा, आणि त्या वेळी घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. त्याची आई, म्हणजे कानसेनाच्या विहीणबाई, बाळाचं सगळं बघायला तिथेच येऊन राहिल्या होत्या. बाटल्या संपत आल्या तशी घरातली माणसं त्या मोजायला घाबरायला लागली. शुक्रवारी रात्री वादळ झालं तेव्हा एकोणीस उरल्या होत्या.

वादळाने कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर गेला आणि सगळा भाग अंधारात बुडाला. विहीणबाई शहाण्या. त्यांनी फ्रिजला हात लावला नाही आणि कुणाला लावू दिला नाही. शनिवारी दुपारी लाईट आली ती तीन झटके देत आली. आली, गेली, आली, गेली, मग आली. असल्या झटक्यांनी कॉम्प्रेसरची काय अवस्था होते ते कानसेनाइतकं कुणाला ठाऊक? बायकोने फोन घेतला, त्याच्या तोंडासमोर उभी राहून ओठ नीट हलवत सांगितलं, "जावयांचा फोन. त्यांना काहीतरी शंका येतेय." तो चपला घालेपर्यंतही थांबला नाही, हातात घेऊन निघाला.

जावई दारातच होता. दोन महिन्यांत त्याचा शर्ट त्याला दोन मापांनी मोठा झाला होता.

"बाबा, लावलाय फ्रिज दहा मिनिटांनी. आवाज येतोय, पण मला काही कळत नाही. तुम्हीच बघा."

तो समोर तोंड करून बोलत होता म्हणून कानसेनाला समजलं. विहीणबाई बाळाला खांद्यावर घेऊन आल्या. "मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांना विचारून आलेय. त्यांच्याकडे जनरेटर आहे. त्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवू या का बाटल्या तोवर? ते हो म्हणालेत."

हे मात्र त्याला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं, आणि कळलं तेव्हा झोंबलं. माझ्या मुलीची वस्तू, आणि मी असताना दुकानात ठेवायची? "आधी बघू तर द्या," तो म्हणाला.

फ्रिज भिंतीपासून ओढून तो मागे बसला. स्क्रू ड्रायव्हर कॉम्प्रेसरवर, मूठ कानामागे. शिट्टी. नुसती शिट्टी. त्याने डोळे मिटून घेतले, कारण जावई बघत होता. मग तळहात पाठीला लावला. बारीक, एकसारखी थरथर. कॉम्प्रेसरला बोट लावलं, चांगला गरम. पाइप कोमट वाटले, पण आत्ताच तर सुरू झालाय, म्हटलं तापतील. हे सगळं बरोबरच होतं, आणि तरी त्याला खात्री वाटेना. हात पिशवीच्या तळाशी गेला. निळ्या फुलांच्या कागदाला लागला.

दोन मिनिटांचं काम होतं. कागद काढायचा, चिमटा वायरीला धरायचा, आकडा बघायचा. पण तो कागद तिने स्वतःच्या हाताने चिकटवला होता. आणि समोर जावई उभा होता, ज्याच्यासमोर कानसेनाला कान असायलाच हवे होते. त्याने हात बाहेर काढला.

"चालू आहे," तो म्हणाला. "मस्त चालू आहे. आता चोवीस तास वरचं दार उघडायचं नाही. आजची बाटली राहू द्या, उद्या चारनंतर काढा."

"मग औषधवाल्यांकडे...?" विहीणबाई म्हणाल्या.

"दार उघडलंत की आहे ती थंडी पण जाईल. माझ्यावर विश्वास आहे ना?"

कानसेनाने असं विचारल्यावर नाही कोण म्हणणार? जावयाने मान डोलावली. त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदा आईची बाटली निघाली नाही. बाळ पावडरचं दूध पिऊन झोपलं, असं दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी कानसेनाच्या बायकोला फोनवर सांगितलं. दोघी मिळून जरा रडल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या.

रविवारी साडेचारला फोन आला. बायकोने तो घेतला, आणि कानसेनाला सांगायला ती वळली तेव्हा तिचे ओठ वाचायची गरज पडली नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकोणीस बाटल्या ओळीने उभ्या होत्या. जावयाने त्या तारखेप्रमाणे लावल्या होत्या. कशाला लावल्या असतील, देव जाणे. त्यातलं दूध पाण्यासारखं हलत होतं. वरच्या कप्प्यातून पाणी गळून फरशीवर थारोळं झालं होतं. विहीणबाईंनी एका बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड बाजूला केलं. बाळाच्या डॉक्टरांना फोन करून झाला होता. देऊ नका, म्हणाले होते.

कानसेन फ्रिजच्या मागे बसला. पिशवीतून खोका काढला. कागद फाटू नये म्हणून त्याने चिकटपट्टी नखाने सोडवायचा प्रयत्न केला, पण कागद फाटलाच. चिमटा वायरीला धरला. आकडा झर्रकन वर गेला, तिथे काही क्षण राहिला, आणि पडला. मग मिनिटांमागून मिनिटं जवळजवळ शून्य. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. घूंऽऽ आणि टक्. कॉम्प्रेसर कालपासून धडपडत होता आणि दर वेळी पडत होता, नुसता तापत होता. झटक्यांनी रिले जळला होता. पोरसवदा मेकॅनिकसुद्धा ओळखेल असला बिघाड. आणि हाताला लागलेली ती एकसारखी थरथर वरच्या पंख्याची होती. पंखा रात्रंदिवस इमानदारीत फिरत राहिला आणि बंद दाराआड गरम वारा एकूण एक बाटलीला पोचवत राहिला.

आठ वर्षांच्या पोरीला कळत होतं ते. त्यानेच शिकवलं होतं.

नवा रिले त्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात होता. कालही होता. त्याने तो बसवला. पुरती दहा मिनिटंही लागली नाहीत. बटण दाबलं, चिमट्यातला आकडा वर गेला, खाली आला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. फ्रिज सुरू झाला. अर्ध्या तासात रिकाम्या कप्प्याला बर्फाचा पातळ पापुद्रा धरायला लागला. चाळीस वर्षांत इतकं चोख काम त्याने केलं नसेल, आणि त्या कामावर त्याला थुंकावंसं वाटलं.

जावई खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. त्याचे खांदे हलले, म्हणजे तो काहीतरी बोलला असावा. कानसेनाच्या जिभेवर "हो" आलंच होतं. तीन वर्षांची सवय ती. कुणीही काहीही म्हटलं की मान हलवायची आणि हो म्हणायचं, जग सुखाने पुढे जातं. तो थांबला. गिळून टाकलं त्याने ते हो.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

जावई वळला.

"मला ऐकू येत नाही, जावईबापू. तीन वर्षं झाली. काल मी हाताने बघितलं. कानाला लावलं ते तुम्हाला दाखवायला."

 जावई रागावला असता तर बरं झालं असतं. टेबलावरची एखादी बाटली फेकून मारली असती तरी कानसेनाने चुकवली नसती. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब कुठे चुकला ते न कळणाऱ्या शाळकरी पोरासारखा तो उभा होता. मग समोर येऊन, ओठ दिसतील असा, तो म्हणाला, "पण तुम्ही तिला हो म्हणाला होतात."

"कशाला?"

"म्हणजे?"

"मी कशाला हो म्हणालो होतो?" कानसेनाचा आवाज फुटला. स्वतःचा आवाज किती मोठा होतोय ते त्याला कळत नव्हतं. "काय म्हणाली होती ती? दोन महिने... मला नाही ऐकू आलं हो. माझ्या पोरीचं मला ऐकू आलं नाही. तुम्ही तिथे होतात. सांगा मला."

जावयाने एकदा आईकडे बघितलं. विहीणबाई मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पहिली बाटली ओतायला घेतली होती, ती तशीच हातात राहिली. मग जावई खाली वाकला, सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड कानाजवळ नेलं आणि ओरडून सांगितलं. ओरडताना त्याला रडू आवरत नव्हतं.

"ती म्हणाली, बाबा, कान दाखवून घ्या! बाळ बोलायला लागेल तेव्हा तुम्हाला ऐकू यायला हवं! तुम्ही हो म्हणालात! मला वाटलं दाखवलेत तुम्ही कान, म्हणून मी काल काही बोललो नाही!"

कानसेनाला शब्द अन् शब्द ऐकू आला.

खालच्या सतरंजीवर बाळ झोपलं होतं. ते एवढ्या आवाजाने दचकून उठलं. विहीणबाई बाटली टेबलावर ठेवून धावल्या. जावईही वळला. कानसेन जागचा हलला नाही. त्याला दिसत होत्या त्या आवळलेल्या मुठी, लालबुंद झालेला चेहरा आणि मोठ्ठं उघडलेलं तोंड. नात रडत असावी.